पेढे आजच आण

चि. बाळ,


तुझ्या आईचा फोन झाला आणि लगेच लिहायला बसले. पहिला पेपर स्वीकारला गेला! मला फार आनंद झाला. पण तिच्याकडूनच कळलं की तू घरात पेढे आणू दिले नाहीस. "प्रबंध जमा झाल्यावर बघू, अजून दोन पेपर व्हायचेत," म्हणालीस. हे मला मुळीच पटलं नाही. प्रबंध झाला की पोस्ट-डॉकची शोधाशोध, ती मिळाली की नोकरीची. संशोधनात पुढचं काम कायम दारात उभंच असतं. पेढे आजच आण.

हा पेपर तर विशेषच आहे. सड्यावर भर पावसात चौकटी टाकून तू रोपं मोजलीस, ती एक संबंध सापडेल या अपेक्षेने. आकड्यांत तो संबंध आलाच नाही, आणि तू तसंच लिहिलंस. 'फरक आढळला नाही' असं सांगणारा पेपर छापून आणणं अवघड असतं, हे मी वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता पुष्कळ पाहिलं आहे. मुलं असे आकडे कपाटात टाकून देतात. मग दुसरं कोणीतरी तेच काम पुन्हा पहिल्यापासून करतं.

यावरून मला इरावती कर्वे आठवतात. 'युगान्त'मुळे त्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं बर्लिनमधलं काम फार थोड्यांना. 1928 साली त्या तिथे गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीयांची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी अधिक विषम असते आणि त्यांचं बौद्धिक श्रेष्ठत्व त्यातून दिसतं, असं फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंशाचा आणि विषमतेचा संबंध मोजमापांत दिसला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तेच मांडलं. परका देश, वय पंचविशीच्या आतबाहेर, आणि पदवीच्या वाटेवर बसलेला माणूस खुद्द फिशर! मला त्यांच्या सगळ्या लेखनाइतकंच हे काम मोठं वाटतं. तुझं नशीब चांगलं, तुझ्या सरांनी आकडे पाहून स्वतःचं मत बदललं. त्यांना हे एकदा मोकळेपणाने सांग. गाइडलाही ऐकायला बरं वाटतं.

पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने 2022 च्या नियमांत काढली. तरी तू लिहिलास, दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या लांबलचक शंकांना उत्तरं दिलीस, आलेख नव्याने काढलेस. तुला न ओळखणाऱ्या माणसांनी तुझं काम उलटसुलट तपासलं आणि ते टिकलं. आनंद याचा करायचा. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती, हे विचारणाऱ्या नातेवाइकांना मी बघून घेते.

पेढ्यांचा पहिला पुडा मात्र सड्यालगतच्या वाडीत जाऊ दे. कुठल्या डबक्यात पाणी उशिरापर्यंत राहतं, कुठली वाट निसरडी, हे तुला ज्या काकांनी दाखवलं, त्यांना पेपर इंग्रजीत वाचता येणार नाही. त्यांच्या अंगणात बसून मराठीत सगळं सांग, काय शोधत होतीस आणि काय निघालं ते. ते प्रश्न विचारतील. वही सोबत ठेव.

आणि प्रूफं आली की घाई करू नकोस. ती परत पाठवायला दोन-तीनच दिवस देतात, आणि एकदा छापलं की दुरुस्तीचं वेगळं टिपण काढावं लागतं. शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरांत आहेत का बघ, तक्त्यातला प्रत्येक आकडा मूळ वहीशी ताडून बघ. आभारांत काकांचं नाव घाल, पूर्ण, आडनावासकट, आणि ते स्वतः लिहितात तसंच.

तुझी,
मावशी