जातीचे कडे

भिलाईच्या मैत्री बागेत येणाऱ्या बहुतेकांचे पाय प्रथम वळतात ते पांढऱ्या वाघांकडे. पोलाद कारखान्याने १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून ही बाग उभारली. कठड्याशी उभ्या असलेल्या पुष्कळांच्या मनात पांढरा वाघ ही वाघांची एक निराळी जात असते. हिवाळ्यात याच प्रदेशातल्या झाडांच्या शेंड्यांवर वटवट्यांच्या कुळातला एक हिरवट पक्षी पानापानांतून किडे टिपत हिंडतो. लांबी सुमारे दहा सेंटिमीटर, वजन आठ-नऊ ग्रॅम. त्याच्याकडे मान वर करून पाहणारा विरळाच. वस्तुतः जात म्हणजे काय, हा प्रश्न वाघापेक्षा या पाखराने अधिक अवघड करून ठेवला आहे.

हा हिरवट वटवट्या विणीसाठी उत्तरेस जातो. तिबेटच्या पठारावर त्याला वस्ती करता येत नाही, कारण तेथे झाडे नाहीत. त्यामुळे त्याचे विणीचे प्रदेश पठाराभोवती कड्यासारखे पसरलेले आहेत. हिमालयातून पश्चिमेस निघाले तर काश्मीर, तिएनशान आणि पुढे सायबेरिया. पूर्वेस निघाले तर चीनचे डोंगर आणि पुन्हा सायबेरियाच. या वाटेवर शेजारच्या दोन वस्त्यांतील पक्ष्यांत फरक इतका थोडा की तो सांगू जाणाऱ्याला दमच लागावा. गाणे किंचित लांबते, पंखावरील पट्टी किंचित ठळक होते. पण मध्य सायबेरियात दोन्ही बाजूंची टोके एकमेकांना भेटतात, तेव्हा पश्चिमेकडच्या नराला पूर्वेकडच्या नराचे गाणे प्रतिस्पर्ध्याचे वाटतच नाही. तो त्याची दखल घेत नाही आणि त्यांच्यात जोड्याही सहसा जमत नाहीत. टायसहर्स्ट या पक्षिविदाने १९३८ मध्ये या रचनेकडे लक्ष वेधले. अर्नस्ट मायर यांनी १९४२ मध्ये अशा वलयांना जातिनिर्मितीचा जवळजवळ आदर्श पुरावा मानले, आणि डॅरेन अर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गाण्यांचा व जनुकांचा अभ्यास करून हे चित्र पक्के केले. भिलाईकडे हिवाळा काढावयास येतो तो मुख्यतः या कड्याच्या पश्चिम बाजूचा पक्षी. पूर्वेकडचे पक्षी आग्नेय आशियात उतरतात.

निसर्गातली उदाहरणे पाठ्यपुस्तकाइतकी सुबक क्वचितच असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक बारीक जनुकीय अभ्यासात असे आढळले की हे कडे पूर्वी काही ठिकाणी तुटलेले होते, आणि सायबेरियातील दोन टोकांत थोडा संकरही घडलेला आहे. कुरव पक्ष्यांचे प्रसिद्ध वलय तर २००४ मधील संशोधनानंतर वलय म्हणून उरलेच नाही. याने मूळ प्रश्न मावळत नाही. उलट तो अधिक टोकदार होतो. जेथे प्रत्येक पाऊल इतके लहान आहे की एकाही पावलाला सीमा म्हणता येत नाही, तेथे चालून आलेल्या माणसाने आपण दुसऱ्या गावी पोचलो असे कोणत्या क्षणी म्हणावे?

वटवट्याचे कडे अवकाशात पसरलेले आहे म्हणून ते डोळ्यांना दिसते. इतर जीवांची अशी कडी काळात पसरलेली असतात आणि त्यांतले मधले दुवे मेलेले असतात. चीनमधल्या डोंगरांतील वस्त्या उद्या नष्ट झाल्या, तर दोन टोकांना दोन जाती म्हणण्यास कोणी कचरणार नाही. टोकांच्या पक्ष्यांत मात्र एका पिसाचाही बदल झालेला नसेल. म्हणजे एखाद्या जिवाची जात केवळ त्याच्या अंगी नसते. कोण कोण जिवंत उरले नाही, यावरही ती ठरते. माणूस आणि चिंपांझी यांच्यामधली दरी आज निर्विवाद वाटते, कारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजापासूनचे मधले सारे जीव मातीत गेले आहेत. ते सर्व आज हयात असते, तर माणुसकीचे हक्क कोणत्या पिढीपाशी थांबवावेत, हे कोणत्या न्यायालयाला सांगता आले असते?

भारतीय दर्शनांना हा पेच अगदीच अनोळखी नाही. न्याय-वैशेषिकांच्या मते जाती नित्य असते, एक असते आणि अनेक व्यक्तींत समवायाने राहते. पण कोणत्याही सामान्य धर्माला त्यांनी जातीचा मान दिला नाही. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी जे सहा जातिबाधक सांगितले, त्यांत संकर हा एक आहे. दोन धर्म एकमेकांवाचूनही आढळतात आणि कुठे एकत्रही नांदतात, असे दिसले की त्यांना जाती म्हणता येत नाही. यातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. तर्कशास्त्रात संकर आढळला की दोष वर्गीकरणाकडे जातो. ज्या वस्तूत तो आढळला तिला कोणी पतित ठरवीत नाही. समाजाने तोच शब्द उचलला आणि न्याय उलटा केला. तेथे संकर दिसताच वर्ग शुद्ध राहिला आणि दंड व्यक्तीला झाला. मराठीत जीवशास्त्राची जाती आणि समाजाची जात एकाच शब्दाने बोलावी लागते, हे भाषेचे दारिद्र्य म्हणून सोडून देण्यासारखे नाही. समाजाची जात निसर्गाच्या जातीइतकीच अढळ आहे, असा भास या एका शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या पोसला. आणि वटवट्या सांगतो ते असे की निसर्गाची जातही तितकी अढळ नाही.

भाषांच्या बाबतीत भिलाईच्या परिसराने हेच दाखविले आहे. गोंदियाकडून राजनांदगाव-दुर्गकडे आणि दक्षिणेस बस्तरकडे जाताना मराठी, छत्तीसगढी आणि हलबी यांच्यामध्ये भिंत लागत नाही. १९०५ मध्ये निघालेल्या ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने हलबीला मराठीच्या दालनात बसविले. २०११ च्या जनगणनेत ती साडेसात लाखांहून अधिक भाषकांची स्वतंत्र भाषा आहे, तर एक कोटी साठ लाखांहून अधिकांची छत्तीसगढी हिंदीच्या पोटात मोजलेली आहे. बोलणाऱ्यांच्या जिभेवर या वर्गबदलाचा काही परिणाम झाल्याचे दिसत नाही. तो झाला असेल तर शाळांवर आणि नोकऱ्यांवर. अर्थात भाषा शेजारणीकडून शब्द उसने घेते तसे पक्ष्याला जनुक सहजी घेता येत नाही, म्हणून हे साम्य फार ताणू नये.

सीमा नैसर्गिक नसली म्हणून ती निरुपयोगीही ठरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला अनुसूचीत नावे लिहावीच लागतात. नाव नसलेल्याला संरक्षण देता येत नाही. आक्षेप रेघ ओढण्याला नाही. रेघ सोयीसाठी ओढली, हे विसरून तिच्यासाठी जीव पणाला लावले जातात, तेथे तो सुरू होतो.

आणि येथे पुन्हा पांढऱ्या वाघाकडे यावे लागते. १९५१ मध्ये रीवा संस्थानात पकडलेला मोहन हा या वाघांच्या वंशाचा आरंभ. साध्या वाघिणीपासून त्याला पांढरे बछडे झाले नाहीत, तेव्हा त्याचा संबंध त्याच्याच राधा नावाच्या मुलीशी घडविण्यात आला आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. २०१३ मधील संशोधनाप्रमाणे हा रंग एका जनुकातील एका अमिनो आम्लाच्या बदलाने येतो. वाघ तोच, जातही तीच. परंतु रंगालाच जात समजून ती टिकविण्यासाठी रक्ताच्या नात्यांतले संबंध पिढ्यान्‌पिढ्या लावले गेले. शिवाय या रंगाबरोबर डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट चुकते, आणि अनेक पांढरे वाघ तिरळे निपजतात. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना अशी पैदास करण्यास मनाई केली. मैत्री बागेतील कठड्याशी मात्र गर्दी असते ती त्या रंगासाठीच. आणि एप्रिलच्या सुमारास वरच्या फांद्यांतला वटवट्या उत्तरेकडे निघून जातो तेव्हा त्याची कोणास खबर नसते.