भोंगा वाजवून न सुटणारा मोबाइल

मोबाइलच्या नादावर लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत पडली आहे. पोरं रील्समध्ये, मोठी माणसं व्हॉट्सॲपवर आणि घरात बोलाचाल नाही. यात खोटं काहीच नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली यावर उपाय काढला : संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल दीड तास बंद, मुलं अभ्यासाला. त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांचं कौतुक झालं. ते बहुतेकांनी मोबाइलवरच वाचलं असणार, ही गोष्ट वेगळी.

जालन्यात बसून पाहिलं की हे निदान अपुरं वाटतं. इथल्या शेतकऱ्याने मोबाइल निव्वळ हौसेने घेतलेला नाही. त्याच्यावर तो बराचसा लादला गेला आहे.

पीकपाहणीचंच घ्या. पूर्वी पेरा तलाठी नोंदवायचा. बांधावर न जाता चावडीतूनच नोंदवतो, ही तक्रार जुनी आणि बऱ्याच वेळा खरी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. कल्पना चांगलीच होती. पण घनसावंगी किंवा मंठ्याकडच्या एखाद्या शिवारात, भर पावसाळ्यात, गुडघाभर सोयाबीनमध्ये उभं राहून ती अमलात आणून बघा. ॲप म्हणतं, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. चार पावलं आत सरकावं तर रेंज जाते. रेंज आली तर ओटीपी येत नाही आणि ओटीपी आला तर सर्व्हर डाऊन. ज्याच्याकडे बटणाचा फोन आहे तो पुतण्याला हाक मारतो, पुतण्या पुण्याला असेल तर गावातल्या एखाद्या पोराच्या हातावर काही टेकवतो. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पेरा कोरा. मग हमीभावाच्या खरेदी केंद्रावर अडचण, पीकविम्याला अडचण.

रोजगार हमीचंही तेच झालं. 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली, तेव्हा बाईच्या ओटीपीबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही ओटीपी मागितला गेला. नवरा वारलेला, वडील हयात नाहीत, अशा बाईने कुणाचा द्यायचा, हे आधी कुणाला सुचलंच नाही. वाट नंतर काढावी लागली. अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्ये सरकारने दिलेले निकृष्ट फोन सरकारलाच परत केले होते. त्यांच्याकडे संघटना होती. शेतकऱ्याने फोन कुणाकडे परत करायचा?

या परावलंबनाची दुसरी बाजू 26 फेब्रुवारी 2024 रोजी दिसली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, आणि मोबाइल इंटरनेट मात्र जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत बंद झालं. काही तासांचाच प्रश्न होता, असं म्हणता येईल. पण ज्या सरकारने हजेरीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं फोनवर नेलं, त्याच सरकारच्या हातात त्याचं बटण आहे आणि ते दाबताना मजुराच्या हजेरीचा हिशेब कुणी करत नाही.

जुने दिवस सोन्याचे नव्हते. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी दहा खेटे घातलेली माणसं अजून हयात आहेत आणि तो घरबसल्या निघतो याचा त्यांना आनंदच आहे. आक्षेप फोनला नाही. फोनशिवाय दुसरं दारच ठेवलं नाही, याला आहे. रील्स बघणाऱ्या पोराला आपण संयम शिकवू शकतो. ओटीपीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याला कसला संयम शिकवणार?

शासनालाही हे कळलेलं दिसतं. ई-पीक पाहणीत राहिलेल्या नोंदी पूर्ण करायला आता गावोगाव सहायक नेमले जातात, म्हणजे बांधावर पुन्हा माणूसच पाठवावा लागला. मग हजेरी, केवायसी, अनुदान या प्रत्येक कामाला कागदाची आणि माणसाची एक खिडकी कायमची उघडी ठेवायला काय हरकत आहे? पुढच्या ग्रामसभेत मोबाइलबंदीचा ठराव जरूर घ्या, पण त्याच बैठकीत या खिडकीचाही ठराव मांडा आणि तहसीलदारांकडे पाठवा.