न आलेल्या तापाचे पुण्य

ज्याचे कर्म त्यालाच त्याचे फळ, या एका सिद्धान्तावर आपल्या लोकांची नीतिकल्पना शतकानुशतके उभी आहे. कीर्तनकारांनी तो चावडीपुढे सांगितला, घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो मुलांच्या मनावर ठसवला, आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवूनही ज्याची दाद लागली नाही अशा कुळाने अखेर त्याच्याच आधाराने आपल्या मनाची समजूत घातली. त्या सिद्धान्ताने दिलेला धीर मी कमी लेखत नाही. परंतु मेळघाटाच्या डोंगरात आणि पूर्णेच्या खोऱ्यात हिवतापाच्या प्रतिबंधाचे शिक्षण देत गावोगाव हिंडणाऱ्या स्वयंसेवकांचे, आणि आता बहुतांशी आशा स्वयंसेविकांचे, काम पाहिल्यावर वाटू लागते की, कर्म आणि फळ यांचा संबंध आपण समजतो त्याहून पुष्कळ गुंतागुंतीचा आहे, आणि हा गुंता उलगडल्यावाचून त्या कामाचे पुण्य कोणते व ते कोणाच्या खाती जमा व्हावे, हे सांगता येणार नाही.

हिवताप डासामुळे होतो हे आज शाळेतले मूलही सांगते. पण या रोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेस. अल्मोड्यास जन्मलेला लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस याने हुसेन खान नावाच्या रोग्याचे रक्त प्यायलेल्या डासांची पोटे एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा त्यांत त्याला ते जंतू दिसले. दर डासाच्या चाव्यामागे हुसेन खानाला एक आणा मिळाला. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रॉसची तपश्चर्या मोठीच होती, पण अंगात ताप असताना ज्याने आपले रक्त पुढे केले, त्या सामान्य माणसाचेही ऋण या ज्ञानावर आहे, असे मी मानतो.

या शोधाने वैद्यकाचा एक प्रश्न सुटला आणि नीतीचा एक नवा प्रश्न उभा राहिला. एका माणसाच्या रक्तातील जंतू डासाची मादी शोषून घेते. तिच्या शरीरात सुमारे दहा ते चौदा दिवस त्यांची वाढ होते. मग ती दुसऱ्या कोणाला चावते, आणि त्याला थंडी वाजून हुडहुडी भरते ती आणखी आठपंधरा दिवसांनी. ती मादी ज्या पाण्यात जन्मली ते पाणी तिसऱ्याच कोणाच्या अंगणात किंवा शेताच्या कडेला साचलेले असते. म्हणजे आज जे लेकरू तापाने फणफणते आहे, त्याच्या तापाचे कारण महिनाभरापूर्वी, दुसऱ्याच्या शरीरात आणि तिसऱ्याच्या दारात घडून गेलेले असते, आणि त्या दोघांपैकी एकाच्याही मनात या लेकराचे वाईट व्हावे असे नव्हते. शास्त्रकारांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भेद केले, ते एका जीवाच्या प्रवासाचे. येथे एकाचे संचित दुसऱ्याचे प्रारब्ध होऊन बसते. आजाऱ्याच्या उशाशी बसून 'याच्या पूर्वजन्मीचे काही असेल' असे म्हणणारा माणूस निष्ठुर असतो असे नाही. पण त्या एका उद्गाराने शेजारच्या डबक्याची चौकशी कायमची बंद होते, आणि म्हणून तो उद्गार मला अधर्म वाटतो.

अशा चौकशीसाठी पावसाळ्यात निघालेल्या माणसाची वाट सोपी नसते. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करीत धारणीपर्यंत जाणारी सडक ही त्यातली सुखाची बाजू. खरा प्रवास सडक सोडल्यावर सुरू होतो. सिपना आणि तिला मिळणारे नाले एका रात्रीत फुगतात, रपट्यावरून पाणी वाहू लागले की ते उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे लागते, गाडी चिखलात रुतली तर तिथेच सोडावी लागते, आणि पुढचे ढाणे, म्हणजे कोरकूंची वस्ती, गाठायचे तर काचपट्ट्या, सुया, तपासणीचे संच, चित्रांचे तक्ते आणि दाखविण्यासाठी घेतलेली मच्छरदाणी एवढे सामान मेणकापडात गुंडाळून डोक्यावर घ्यावे लागते. शेगावचे डॉक्टर रवींद्र कोल्हे नागपुरास शिकून १९८० च्या दशकात मेळघाटातील बैरागडला सेवेसाठी गेले, तेव्हा त्यांना सुमारे ४० किलोमीटर पायी जावे लागे. त्यांनी एम.डी. केले तेही प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकात, ही गोष्ट मला त्यांच्या चालण्याहून अधिक अर्थपूर्ण वाटते. नागपूरचा आपला व्यवसाय सोडून आलेल्या डॉक्टर स्मिता कोल्हे यांच्यासह त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

या वाटचालीचे वर्णन आपण फार भक्तिभावाने करतो. देहाला कष्ट दिल्याने पुण्य वाढते, या कल्पनेवर पंढरीची वारी पोसलेल्या या मुलखात ते स्वाभाविकही आहे. तरीही मला येथे थांबावेसे वाटते. जी वाट स्वयंसेविका प्रशिक्षणाच्या दिवशी चालते, तीच वाट त्या ढाण्यातली बाई रेशनसाठी, बाळंतपणासाठी आणि तापलेले लेकरू पाठीशी बांधून दवाखान्यासाठी वर्षभर चालते, आणि तिच्या चालण्याला कोणी तप म्हणत नाही. कष्टाला पुण्य मानले की वाट वाईट असणेच सोयीचे होऊन बसते. सेवकाची थोरवी वाढावी म्हणून नाल्यावर पूल नसावा, असे कोणी उघड म्हणणार नाही, पण सत्काराच्या भाषणांतून पुष्कळदा ध्वनी तोच निघतो. वाटेचे कष्ट हा कामाचा खर्च आहे. तो जितका कमी होईल तितके बरे.

ढाण्यात पोहोचल्यावर समोरासमोरच्या घरांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत माणसे जमतात. कोरकू समाजात गावावर संकट आले म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडे घालण्याचे काम भुमकाचे असते, आणि शहाणी स्वयंसेविका त्याला प्रथम रामराम करते, त्याला पुढे बसविते आणि तक्ता उलगडण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेते. आमच्याकडील सुशिक्षितांना यात अंधश्रद्धेशी केलेली तडजोड दिसते. मला तसे वाटत नाही. भुमकाचे निदान चुकीचे असेल, आणि त्या निदानापायी औषधाला उशीर होऊन जीव जातात हेही खरे. पण दुखणे एकाचे असले तरी त्याचा संबंध सगळ्या गावाच्या वागण्याशी आहे, ही त्याच्या विचारातली मूळ धारणा, 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' म्हणून उठून जाणाऱ्या आपल्या वेदान्त्याच्या धारणेपेक्षा हिवतापाच्या शास्त्राला अधिक जवळची आहे. त्या धारणेला धरून तिचे बोट डबक्याकडे वळविणे, हेच प्रशिक्षणाचे मर्म होय. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी मचाणावर झोपणाऱ्या गड्याने मच्छरदाणी तेथेही बांधावी, कामासाठी बाहेरगावी जाऊन परतलेल्याने अंगात ताप असल्यास लगेच बोटाचे रक्त तपासून घ्यावे, या गोष्टी मग उपदेश म्हणून सांगाव्या लागत नाहीत. गावच त्या आपसात ठरवू लागते.

उपचाराच्या एका तपशिलात मला सबंध यज्ञकल्पना साठवलेली दिसते. फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊन प्राण घेणारा हिवताप झालेल्या रोग्याला तीन दिवसांच्या औषधाबरोबर प्रायमाक्विन नावाच्या गोळीची एकच मात्रा देतात. त्याचा ताप उतरतो तो इतर औषधाने; या मात्रेने त्याला स्वतःला काहीही आराम पडत नाही. तिचे काम एवढेच की, त्याच्या रक्तात डासामार्फत पुढे जाण्यासाठी तयार झालेली जंतूंची जी रूपे असतात, ती मरावीत आणि त्याच्यापासून दुसऱ्या कोणाला रोग होऊ नये. रोगी ती गोळी गिळतो ती शेजाऱ्यासाठी, आणि तो शेजारी कोण हे त्याला कधीच कळणार नाही. व्हायव्हॅक्स जातीच्या तापात हेच औषध चौदा दिवस घ्यावे लागते, कारण जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. अंगात ताप नसताना, मजुरीला जाताना, रोज आठवणीने गोळी घेत राहणे हे आपण ज्यांना व्रते म्हणतो त्यांतल्या कित्येकांहून कठीण आहे. हे अर्थासहित सांगणारी स्वयंसेविका, तिने कधी भगवद्गीता उघडली नसली तरी, परस्परांना भाविल्याने लोक टिकतात या तिसऱ्या अध्यायातील विचाराचीच प्रवक्ती असते.

अहिंसा मानणाऱ्या महानुभाव पंथाचे पवित्र स्थान रिद्धपूर हे मेळघाटाच्याच अमरावती जिल्ह्यात आहे, आणि अहिंसेचा विचार या मातीत खोल मुरलेला आहे. तेव्हा पाण्यातल्या अळ्या मारणे ही हिंसा नाही काय, असा प्रश्न सभेत आला तर त्याला हसण्यावारी नेऊ नये. १९२६ साली अहमदाबादेत पिसाळलेल्या कुत्र्यांचा प्रश्न उपस्थित झाला असता गांधीजींनी त्यांना मारणे प्रसंगी अनिवार्य ठरते असे लिहिले, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. हिंसा घडते हे त्यांनी नाकारले नाही, आणि आपणही नाकारू नये. मात्र पाणी साचूच दिले नाही तर अंडी घातली जाणार नाहीत आणि मारण्याची वेळही येणार नाही. अहिंसेच्या उपासकाने डबके बुजविण्यात सर्वांच्या पुढे असावे, एवढेच माझे उत्तर आहे.

आता फळाचा प्रश्न. आजारी माणसाला बरे करणाऱ्या वैद्याचे उपकार सारे गाव स्मरते. त्याने वाचविलेला माणूस समोर हिंडताफिरता दिसतो. प्रतिबंध करणाऱ्याच्या कामाचे फळ म्हणजे न आलेला ताप, आणि जो ताप आलाच नाही तो कोणाला दाखविता येत नाही, त्याबद्दल कोणी नारळ फोडीत नाही, आणि 'तू नसतीस तर माझे मूल गेले असते' असे म्हणणारी आई या स्वयंसेविकेला भेटत नाही, कारण आपले मूल धोक्यात होते हे त्या आईला ठाऊकच नसते. फळाची आसक्ती सोडावी असे गीता सांगते. येथे फळाचे दर्शनच घडत नाही. निष्काम कर्माचे याहून निर्मळ उदाहरण मला आपल्या व्यवहारात आढळलेले नाही.

परंतु या अदृश्य फळाची एक भयंकर बाजू आहे, आणि ती राष्ट्राच्या इतिहासात नोंदलेली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल अदमासे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख त्यात मरत. १९५३ मध्ये नियंत्रणाचा कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीची फवारणी करणारे कामगार खेड्याखेड्यांत गेले आणि भिंतीवर फवारणीची तारीख लिहून आले. १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखावर आली. ताप दिसेनासा झाला, तशी त्याला रोखणाऱ्यांची गरजही दिसेनाशी झाली. डासांना औषध पचू लागले, पुरवठ्यात खंड पडला, देखरेख सैल झाली, आणि १९७६ साली रोग्यांची नोंद चौसष्ट लाखांच्या वर गेली. फळाची आसक्ती नसावी, या वचनाचा अर्थ फळाचा हिशेबही नसावा असा केल्यास काय होते, हे त्या आकड्यांत आहे. म्हणून रक्तनमुन्यांची वही काटेकोर ठेवणे, कोणत्या घरी किती भांड्यांत अळ्या सापडल्या याची नोंद करणे, ही कारकुनी मला साधनेचा भाग वाटते. हिवताप २०३० पर्यंत देशातून नाहीसा करण्याचा संकल्प सरकारने केला आहे. रोगी कमी होत जातील तसतसे त्या वहीत काही लिहिण्यासारखे उरणार नाही, आणि नेमक्या त्याच काळात ती वही उघडी ठेवणारी माणसे लागतील.

वऱ्हाडाला स्वच्छतेचा धर्म शिकविला तो गाडगेबाबांनी. १८७६ साली शेंडगावास जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढलेले बाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसभर रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून नवससायासांतला फोलपणा त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्या खराट्याचे ऋण मोठे आहे, पण हिवतापाचा डास त्या खराट्याला पुरता आवरत नाही. तो गटारीच्या घाणीपेक्षा स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो, नदीच्या डोहांत, विहिरीत आणि गृहिणीने जपून भरून ठेवलेल्या हौदात. म्हणजे येथे दोष घाणीचा नसून निष्काळजी साठवणीचा असतो, आणि ज्या घरची बाई अत्यंत टापटिपीची आहे तिलाही हे सांगावे लागते.

ते सांगताना स्वयंसेविकेची खरी परीक्षा मेळघाटापेक्षाही खाली, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात होते. पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातले पाणी खारट. विहीर खणून उपयोग नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडील चौऱ्याऐंशी खेडी योजनेसारख्या योजनांच्या नळाला जे पाणी येईल तेच प्यायचे, आणि ते कोठे आठ दिवसांनी तर कोठे त्याहूनही उशिरा येते. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असा प्रतिबंधाचा नियम आहे, कारण अंड्यापासून डास होण्यास उन्हाळी हवेत सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. हे ऐकून एखादी म्हातारी शांतपणे म्हणते, "ताई, पानी पंधरा दिवसांतून एक डाव येते, टाकं उपसलं तं लेकरं पेतीन काय?" या प्रश्नाला तक्त्यावर उत्तर नाही. घट्ट झाकण, हौदाच्या तोंडाला बांधलेले कापड, त्यात सोडलेले गप्पी मासे, हे उपाय आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण ज्याच्या हाती नियम पाळणे नाही त्याला नियम मोडल्याचा दोष देणे अन्यायाचे आहे. येथे कर्म त्या म्हातारीचे नाही. ते पाण्याची पाळी ठरविणाऱ्या दप्तरात घडते, आणि त्याचे फळ तिच्या नातवाला भोगावे लागते.

म्हणून अशा गावात प्रशिक्षण आटोपल्यावर स्वयंसेविकेने तेथेच एक अर्ज लिहून घ्यावा, असे माझे मत आहे. डास तयार होण्याचे दिवस आणि नळाच्या पाळीचे दिवस त्यात शेजारीशेजारी मांडावेत, दोन पाळ्यांतील अंतर सात दिवसांच्या आत आणावे अशी मागणी करावी, खाली सरपंचाची सही, त्या म्हातारीचा अंगठा आणि स्वतःचीही सही घ्यावी, आणि पंचायत समितीच्या कचेरीत तो रुजू करून नकलेवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा.