प्रगतिपुस्तक कुणासाठी लिहायचं?

‘आमच्याकडे गुणांची स्पर्धा नाही’ असं सांगणाऱ्या शाळांचा सध्या सुकाळ आहे. लखनौचं जानकीपुरम असो की पुण्याचं कोथरूड, ‘समग्र प्रगतिपत्रक’ हे आता प्रवेशाच्या जाहिरातीत शोभणारं शब्दयुग्म झालं आहे. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला हे पत्रक घर आणि शाळा यांच्यातला दुवा म्हणून हवं होतं. त्याच्या जोडीला पालकसभाही हव्या होत्या. ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राच्या पायाभूत स्तरावरच्या पत्रकात झरा, डोंगर, आकाश अशा पायऱ्या आल्या. पायरीमागचं वर्णन गळून नुसतं चिन्ह घरी पोचलं, की आपल्या मुलाला काय येतं हे आईला कळत नाही. शेजारचं मूल ‘आकाश’ आहे हे मात्र लगेच कळतं. पहिला नंबर गेला, उतरंड राहिली.

मुलाकडे गुणांपलीकडे पाहण्याच्या या कल्पनेचा पूर्वेतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं बालशिक्षण, राल्फ टायलर यांचा अमेरिकेतल्या ‘आठ वर्षांच्या अभ्यासा’तला (1933-41) मूल्यमापनाचा प्रयोग, 1985मधली लीलाताई पाटलांची कोल्हापूरची ‘सृजन आनंद’ शाळा. तिथवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो 2010पासून. त्या वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. ‘परीक्षा गेली आणि मुलं अभ्यास करेनाशी झाली’ हा त्यावरचा लोकप्रिय निकाल. तो साफ चुकीचा आहे. नापास न करण्याचं कलम 16 आणि मूल्यमापनाचा उल्लेख असलेलं कलम 29 या शिक्षण हक्क कायद्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षा तर गेलीच नव्हती. पहिली-दुसरीतसुद्धा संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाला 30 टक्के भारांश होता, सातवी-आठवीत 60. गुणांची बेरीज होऊन अ-1पासून इ-2पर्यंत श्रेण्या मिळतच होत्या. खरा बदल असा, की शिक्षकांना आता प्रत्येक मुलाविषयी वाक्य लिहायचं होतं: विशेष प्रगती, आवड/छंद, सुधारणा आवश्यक. बेत उत्तम होता. पण रकाना भरलाय का हे तपासायला कुणीतरी येणार होतं. पालकाला त्यातलं काय कळलं, हे कुणी विचारणार नव्हतं. मग तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या आणि पुढे त्याच नोंदी व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य वर्गातल्या कुठल्याही मुलापुढे खपतं. याचं खापर शिक्षकांच्या आळसावर फोडणं सोपं आहे. वाचणारा साहेब असेल, तर लिहिणारा साहेबाला हवं तेच लिहिणार.

यावर आक्षेप येतो, की पालकांनाच गुण हवे असतात. पोकळ स्तुतीपेक्षा आकडा प्रामाणिक. यात तथ्य आहे, आणि गुण मागणाऱ्या पालकाला अडाणी ठरवणाऱ्या प्रयोगशील मंडळींनी ते मान्य करायला हवं. पालकाला पडताळून पाहता येईल असं काही हवं असतं; शाळेकडे तसं दुसरं काही नसलं, की तो आकडा धरून बसतो. 2005पासूनच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत घरी जाऊन मुलापुढे अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट ठेवतात. मूल कुठे अडखळलं, हे शेजारी बसलेल्या निरक्षर आईलाही ऐकू येतं. त्यात आकडा नाही, विशेषणही नाही. दोन्ही द्या, गुण आणि शेरा, हा मधला मार्गही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. संशोधक रूथ बटलर यांच्या 1988च्या प्रयोगात नुसत्या शेऱ्याने मुलांचं काम सुधारलं. शेजारी गुण येताच तो लाभ उरला नाही. राहिला वेळेचा प्रश्न. तीस-चाळीस मुलांच्या, मूल्यमापनाच्या आठ-आठ साधनांच्या नोंदी ठेवणं हा छळच आहे. पण ‘हातच्याची वजाबाकी करताना दशकातून एक घ्यायला विसरते’ एवढं एक वाक्य लिहायला तेवढी कागदपत्रं लागत नाहीत.

असं वाक्य आता अधिकच गरजेचं आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मूल रोखण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने 2023मध्ये ती वापरली. दुरुस्तीनुसार नापास मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा देता येते. घराला मुलाची नेमकी अडचण कळायला हवी ती याच दोन महिन्यांत. डिसेंबर 2024च्या केंद्रीय नियमांत शिकण्यातल्या उणिवा शोधणं आहे, गरज पडल्यास पालकांना मार्गदर्शन करणंही आहे. पण ते मूल त्याच वर्गात पुन्हा बसल्यानंतर.