पुढे पाठवणाऱ्याची साक्ष

‘मजकूर माझा नव्हता, मी फक्त पुढे पाठवला’ हे वाक्य आपल्याकडे आता इतके रुळले आहे की बोलणाऱ्यालाही ती सबब वाटत नाही. पोलीस ठाण्यात ते ऐकू येते, मशिदीबाहेरच्या गप्पांत ऐकू येते आणि पक्षाच्या कार्यालयातही. दुसऱ्याकडून आलेले तिसऱ्याला दिले, तर दोष माझा कसा? प्रश्न वरवर साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर आज माणसांचे जीव अवलंबून आहेत. म्हणून तो नीट तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. त्याच दिवशी मालेगावात याच संशयावरून लहान मुलासह पाच जणांचे एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडले. पोलिसांनी त्यांना सोडवले म्हणून ते वाचले. राईनपाडा आदिवासी भागातले गाव, तर मालेगाव मुस्लिमबहुल शहर. अफवेने दोन्हीकडे सारखेच काम केले. बळी मात्र दोन्हीकडे दारोदार फिरणारे गरीबच होते.

ज्यांनी हात उचलला त्यांच्यावर खटले झाले. पण ज्या शेकडो बोटांनी तो संदेश धुळ्यापर्यंत पोचवला, त्यांचे काय? त्यांतल्या प्रत्येकाला वाटले असेल की आपण तर आयाबायांना सावध केले. हेतू चांगला असेलही. पण चांगल्या हेतूने खोटे खरे होत नाही आणि मेलेला माणूस परत येत नाही.

कायद्याने या प्रश्नाला आपल्या परीने हात घातला. २०१८च्या जुलैमध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. २०२१च्या नियमांनी सरकारने मोठ्या कंपन्यांना सांगितले की गरज पडल्यास संदेशाचा मूळ जनक शोधून द्यावा लागेल. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. म्हणजे कंपनी म्हणते, आम्ही नुसते वाहक. आणि सरकार शोधते तो पहिला माणूस. पहिला आणि शेवटचा यांच्यामधले हजारो कुणाच्याच हिशोबात नाहीत.

आपल्या परंपरेने हा हिशोब फार पूर्वी मांडला आहे. हदीस संकलित करणाऱ्यांनी नुसते वचन स्वीकारले नाही. ते कोणी कोणाकडून ऐकले, ही सनद त्यांनी आधी मागितली. साखळीतल्या प्रत्येक माणसाची स्मरणशक्ती, सचोटी, त्या दोघांची भेट झाली होती की नाही, हे सारे तपासले. त्यातून ‘अस्मा उर रिजाल’ हे राव्यांच्या चरित्रांचे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. साखळीतला एक माणूस अविश्वसनीय ठरला तरी ती रिवायत कमजोर ठरे. मधला माणूस तिथे निव्वळ टपालवाला नव्हता, तो साक्षीदार होता. हजरत आयेशा (र.) यांच्यावर मदिनेत कुभांड रचले गेले, तेव्हा सूरह नूरने रचणाऱ्यांना तर बजावलेच, पण ऐकून जिभेवर खेळवणाऱ्यांनाही बजावले: तुम्ही ही गोष्ट किरकोळ समजलात, अल्लाहपाशी ती फार मोठी आहे.

मग सरकारने प्रत्येकाच्या फोनमध्ये डोकवावे काय? आमचे उत्तर नाही असे आहे. बातमी आली तर तहकीक करा, असे सांगणारी सूरह हुजुरात पुढे काही आयतींतच एकमेकांच्या पाळतीवर राहण्यास आणि गीबत करण्यास मनाई करते. या दोन आज्ञा एकत्र वाचल्या पाहिजेत. तपास करायचा तो आपल्या हातात आलेल्या गोष्टीचा, शेजाऱ्याच्या घराचा नव्हे. पाळत आली की जबाबदारी माणसाच्या मनातून निघून पोलिसाच्या वहीत जाते, आणि ती वही कोणावर उघडायची हे सत्ता ठरवते.

सत्ता ते कसे ठरवते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१२मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मताबद्दल अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम अशा अटकांच्या कामी येत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५मध्ये रद्द केले. उलट २०१४च्या जूनमध्ये पुण्यात फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून दंगल झाली आणि हडपसरला सोलापूरच्या एका तरुण मुस्लिम अभियंत्याला मारले गेले. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २०२३च्या जानेवारीत न्यायालयाने या खटल्यातील आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले की द्वेषाच्या भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा. स्टेटस ठेवणारे पोर पकडायला वेळ लागत नाही. व्यासपीठावरून बोलणाऱ्यासाठी मात्र न्यायालयाला आदेश द्यावा लागतो. जबाबदारी वरून खाली यायला हवी, ही आमची मागणी आहे आणि ती आपण सोडता कामा नये.

पण मागणी करणाऱ्यालाही नियम लागू असतो. परदेशातल्या युद्धाची जुनी चित्रफीत ‘कालचा प्रकार’ म्हणून आपल्या मोहल्ल्यांच्या गटांतही फिरते. एखाद्या तलाकशुदा बाईच्या चारित्र्याबद्दलचा आवाजी संदेश नमाज झाल्याबरोबर पन्नास फोनांवर पोचतो. बोहतान म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसेच तो पोचवतात. ‘आपल्यावर अन्याय होतो आहे, मग एखादी गोष्ट अतिशयोक्त असली म्हणून काय बिघडले’ असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. बिघडते ते असे की एक खोटी चित्रफीत उघडी पडली की शंभर खऱ्या तक्रारींवरचा विश्वास उडतो. दुबळ्याजवळ सैन्य नसते, पैसा नसतो. त्याची साक्ष तेवढी असते. ती त्याने स्वतःच्या हाताने खोटी पाडू नये.

तेव्हा पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणाकडून आले, केव्हाचे आहे, कुठले आहे. उत्तर मिळाले नाही तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा. आणि खोटे पाठवले गेलेच, तर नुसते पुसून टाकून भागत नाही. कुभांडाची तौबा करणाऱ्याने आपले बोलणे खोटे होते असे कबूल केले पाहिजे, असे फिकहच्या अनेक जाणकारांनी म्हटले आहे. म्हणून ज्या गटात ते पाठवले, त्याच गटात, तेवढ्याच माणसांसमोर लिहावे: ते खोटे होते, आणि मी पाठवले होते.