न बिघडणारे खेळणे

मागील महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही उभयता घरी पोहोचलो, तेव्हा घरात नेहमीचा गलका नव्हता. एरवी आमचा चौदा महिन्यांचा नातू दारातच पायांना मिठी मारतो. त्या दिवशी तो आपल्या पप्पाच्या मांडीवर बसून, लॅपटॉपच्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी धपाधप मारीत होता. आम्ही दचकलोच. कारण आठच दिवसांपूर्वी त्याच कीबोर्डवरून घरात रामायण घडले होते. मुलगा घरून काम करतो. तो पाणी प्यायला उठला, तेवढ्यात बाळाने चार बटणे दाबली आणि अर्धवट लिहिलेले पत्र साहेबांकडे रवाना झाले. रागाच्या भरात मुलाने बाळाच्या हातावर चापट मारली. बाळ रडले, सून रडली, आणि त्या दुपारी कोणी धड जेवले नाही.

‘‘आता काही होत नाही, पप्पा,’’ मुलगा हसत म्हणाला. ‘‘त्याने काहीही दाबलं तरी चालतं.’’

आम्ही जवळ जाऊन पाहिले. बाळाने बटण दाबले की पडद्यावर एक रंगीत आकृती नाहीतर अक्षर उमटे आणि कोणीतरी त्याचे नाव उच्चारी. इंग्रजीत, अर्थात. पुण्यातल्या आमच्या मराठी घरात बाळाला ‘अ’ ऐकू येण्याआधी ‘ए’ ऐकू आला, ही चुटपुट लागलीच. पण बाळ खूष होते.

या प्रोग्रामचे नाव ‘बेबीस्मॅश’. स्कॉट हॅन्सलमन या अमेरिकन प्रोग्रामरने तो २००८ साली आपल्या लहान मुलांसाठी लिहिला आणि फुकट देऊन टाकला. त्याआधी लॉरा डिकी यांचा ‘अल्फाबेबी’ होता, त्यावरूनच त्याला हे सुचले. लिनक्सवर ‘बॅमबॅम’ नावाचा असाच खेळ आहे. सगळ्यांची रीत एकच. पूर्ण पडदा व्यापायचा, बाकीच्या कामांकडे जाणारे रस्ते बंद करायचे, आणि मोठ्यांसाठी एक चोरवाट ठेवायची. बेबीस्मॅशमधून बाहेर पडायला ‘आल्ट’ आणि ‘एफ-४’ ही बटणे एकत्र दाबावी लागतात. बॅमबॅममध्ये ‘क्विट’ हा शब्द टाईप करावा लागतो. ‘कंट्रोल-आल्ट-डिलीट’ हा दरवाजा मात्र विंडोजने स्वतःच्या हाती ठेवलेला आहे, तो अशा साध्या प्रोग्रामला अडवता येत नाही. म्हणजे कुंपण कितीही पक्के केले तरी कुठेतरी फट राहते. आणि बाळांना फटी बरोबर सापडतात!

दुपारी जेवताना आमच्या दोघांतच वाद जुंपला. आमच्यापैकी जी आजी आहे तिचे म्हणणे असे, की ही लबाडी आहे. बाळाला वाटते आपण पप्पासारखे काम करतो आहोत. खरे तर त्याच्या हातात काहीच दिलेले नाही. एवढ्याशा जिवाला फसवायचे कशाला? आमच्यापैकी जे आजोबा आहेत त्यांना हा खेळ वाटला. भातुकलीतला भात कोणी खातो काय? मग भातुकलीही लबाडीच म्हणायची.

आजीचा मुद्दा सहज उडवून लावण्याजोगा नव्हता, कारण खरी लबाडी आम्ही अगोदरच करून पाहिली होती. घरात एक जुना, वायर कापलेला कीबोर्ड पडून होता. तो बाळाला दिला. दोन मिनिटे त्याने वाजवला, पप्पाच्या पडद्याकडे पाहिले, आणि जमिनीवर फेकून दिला. निर्जीव बटणे आणि जिवंत बटणे यांतला फरक चौदा महिन्यांच्या बाळालाही कळतो. बेबीस्मॅशमध्ये निदान बटण दाबले की काही घडते. ते बाळाच्याच हातून घडते. तेवढा भाग खरा आहे.

पण मग आणखी एक प्रश्न उभा राहिला. ज्या खेळात काहीच चुकत नाही, काहीच बिघडत नाही, त्यातून बाळ काय शिकणार? मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत मुलांच्या हाती खऱ्या काचेचे पेले आणि चिनी मातीच्या बशा देतात. पडली तर फुटणारच. म्हणून तर मूल ती नीट धरायला शिकते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने मुलांपुढे मांडली. पान ओढले तर फाटते. शिंपला आपटला तर फुटतो. जग असे आहे, हे हाताला कळते.

आमच्या लहानपणी आई पोळ्या लाटायला बसली की कणकेचा एक गोळा आमच्या हातात द्यायची. आम्ही तो काळाकुट्ट होईपर्यंत मळायचो, त्याची आफ्रिकेच्या नकाशासारखी पोळी लाटायचो, आणि आई ती तव्यावर टाकायची. संध्याकाळी वडील ती मुकाट्याने खायचे. त्या वेळी कोणी आमच्यासाठी पोळपाटाला कुलूप लावले नव्हते. आईने फक्त आपल्या कामातला एक तुकडा आम्हाला तोडून दिला होता. कणीक खरी होती, चूल मात्र लांब होती.

कॉम्प्युटरच्या कामातला असा तुकडा बाळाला तोडून देता येत नाही. अर्धे पत्र पाठवू दे, असे कोण म्हणेल? म्हणून कुंपण लागते, हे आजीनेही मान्य केले. पण कुंपण कोणासाठी आहे, हे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. जाहिरातींत ‘मुलांसाठी सुरक्षित’ असे लिहिलेले असते. बेबीस्मॅश वाचवतो तो मुख्यतः कॉम्प्युटर, बाळापासून! चार्जरची लोंबणारी वायर, रिमोटमधली नाण्याएवढी बॅटरी (बाळाने गिळली तर काही तासांत अन्ननलिका जाळते) यांपासून कोणताही प्रोग्राम बाळाला वाचवीत नाही. ते काम डोळ्यांनी करायचे आहे.

मूल थोडे मोठे झाले की कुंपण सरकवावे लागते. २००२ साली बिल केंड्रिक यांनी सुरू केलेला ‘टक्सपेंट’ हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम आम्हाला या बाबतीत आवडला. तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी तो आहे आणि मराठीतही आहे. मुलाने काढलेले चित्र तो जपून ठेवतो, आणि पुसायचे झाले तर आधी विचारतो. म्हणजे तेथे मुलाचे काहीतरी असते, आणि ते जाऊही शकते.

आता डॉक्टरांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांखालील बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. कमी तेवढे बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील बाळाला पडदा नकोच म्हटले आहे. सवलत एकच, आप्तांशी क्वचित व्हिडिओ कॉल. दुबईच्या, कॅनडाच्या नातवंडांना फोनवर पाहणाऱ्या आपल्या धर्मग्रामातल्या आजी-आजोबांना तेवढा दिलासा आहे. आमच्या नातवाचा बेबीस्मॅश मात्र त्या सवलतीत बसत नाही. मुलाला हे वाचून दाखवले तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘पप्पा, सोसायटीतली सगळी मुलं जेवताना मोबाईल बघतात. त्यापेक्षा हे बरं ना?’’

बरे आहे, हे आम्ही कबूल केले. मोबाईलवरचा व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. बाळाने काही करायचे नसते. बेबीस्मॅश वाट पाहतो. बाळाने हात थांबवला की तोही थांबतो. पण ‘त्यापेक्षा बरे’ या मापाने आपण काय काय घरात घेतले आहे! पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनासाठी मुले आणि माध्यमे हाच विषय घेतला होता. माध्यमे शहाणपणाने वापरायला मुलांना शिकवणे हा आईवडिलांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे त्यात त्यांनी म्हटले होते. आमच्या घरात मात्र त्या आठवड्यात लॅपटॉपला शिस्त लागली होती, माणसांना नव्हे.

चापटीबद्दल मुलाशी बोलायचे आम्ही टाळत होतो. शेवटी तोच बोलला. म्हणाला, चूक माझी होती, मी स्क्रीन उघडी टाकून उठलो. बाळाची समजूत घालण्याचे ते वयच नाही, पण त्याने बायकोची क्षमा मागितली. हे कोणत्याही प्रोग्रामशिवाय झाले.

पुढच्या बुधवारी त्याला मीटिंगसाठी दुसऱ्या खोलीत जायचे होते. त्याने बेबीस्मॅश लावला, बाळाला खुर्चीत बसवले आणि आम्हाला लक्ष ठेवायला सांगून गेला. बाळाने तीन-चार बटणे दाबली. एक पिवळा तारा आला, तो विरला. मग त्याने मान वळवून मागे पाहिले, जिथे एरवी पप्पाची छाती असते तिथे. पुन्हा एक बटण. पुन्हा मागे वळून पाहिले. मग खाली उतरण्यासाठी हात पुढे केले.

आता बाळ जागे असताना लॅपटॉप बाहेर येत नाही. मुलगा आतल्या खोलीत दार लावून काम करतो. दिवसातून दोन-तीन वेळा आमचे चिरंजीव त्या दारापाशी जातात आणि दोन्ही हातांनी धपाधप मारतात. कधी दार उघडते, कधी उघडत नाही. उघडले नाही, की आजी कणीक मळायला घेते.