चकाकीचा हिशेब

चकाकते ते सारे सोने नसते, हे आपण सगळ्यांनी शाळेच्या फळ्यावर वाचलेले असते. पण जे चकाकते ते कशाने चकाकते, हे गुरुजी सांगत नाहीत. मला ते धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या अण्णांनी सांगितले. निवृत्त माणूस एकतर बागकाम करतो, नाहीतर लोकांना होमिओपॅथीच्या गोळ्या देतो. अण्णांनी पॉलिशचे मशीन घेतले. नागपूरच्या ४५ अंशांत माणसाचा रंग उडतो, तिथे दारात उभ्या गाडीची काय कथा!

मशीनला पॅड लावणे हा एक संस्कारच आहे. पूर्वी लोकरीचे टोपडे असे, त्याची नाडी मागून करकचून बांधायची. नाडी सैल राहिली की टोपडे निघणारच. बाळाचे मांडीवर पडते, मशीनचे शेजाऱ्याच्या अंगणात. आता पॅडला वेल्क्रो असते. हे वेल्क्रो जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनियरला १९४१ साली सुचले, कपड्यांना आणि कुत्र्याला चिकटलेली काटेरी बोंडे पाहून. आपल्या धोतरांना आघाडा पिढ्यान्‌पिढ्या चिकटत आला. आपण तो झटकला आणि उरलेला गणपतीला वाहिला. असो. आधी प्लग काढायचा, चकती दांड्यावर पिळून घट्ट करायची आणि पॅड तिच्या बरोबर मधोमध दाबायचा. जरा सरकला की मशीन थयथयाट करते. शिवाय ते गाडीवर टेकवूनच सुरू करायचे, नाहीतर पॅडवरचे कंपाऊंड वाळत घातलेल्या साडीवर.

आता मुद्द्याची गोष्ट. मशीन चकाकी घालत नाही, काढते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. ओरखडा 'जातो' तेव्हा तो कुठेही जात नाही. आजूबाजूची जमीन खणून त्याच्या पातळीला आणलेली असते. दुसरीही एक युक्ती आहे. खाचांत भरून बसणारे पॉलिश लावायचे. गाडी विकायला काढली की लोक हेच करतात. चार वेळा धुतली की ओरखडे पुन्हा हजर. यातली खोटी चकाकी कोणती? अण्णा म्हणाले, अर्थात दुसरी. पण मला वाटते, ती बिचारी निदान वस्तूचे काही नेत तरी नाही. खरी चकाकी दर वेळी थोडी वस्तूच घेऊन जाते.

गाडी झाल्यावर अण्णांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. तिथे भंडाऱ्याचे पितळी तपेले होते, काठाखाली त्यांच्या आईचे नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेले. दर दिवाळीला मशीन फिरले की काही वर्षांत नाव साफ. काकू आडव्या झाल्या.

"नाव गेल्यावर चमकून राहिलं, तरी कोणाचं चमकून राहिलं ते?"

"अन् काळं पडून होतं, तेव्हा कोण वाचून राहिलं होतं?" अण्णा म्हणाले.

दोघांचेही मला पटले. अजब बंगल्यात तांब्याची जुनी वस्तू कोणी आरशासारखी घासत नाही हे खरे. पण त्यांत कोणाला वरणही शिजवायचे नसते. आणि नीट पाहिले तर ते नाव आधीच अर्धे झिजलेले होते. झिजवले कोणी? खुद्द नावाच्या मालकिणीने. चाळीस वर्षे चिंच आणि राख घेऊन ती माउली रोज स्वतःचेच नाव घासत होती, आणि तपेले लख्ख निघाले की समाधानाने पालथे घालत होती. तिला कोणी विचारले असते तर ती कोणाच्या बाजूने बोलली असती, याचा मला अंदाज आहे. तो मी काकूंना सांगितला नाही.

शेवटी अण्णांनी तोड काढली. गाडीच्या कडांना रंग पातळ असतो, तिथे मशीन लागू नये म्हणून आधी टेप चिकटवतात. तशीच टेप त्यांनी नावावर चिकटवली आणि बाकीचे तपेले उजळून काढले. टेप काढल्यावर चकचकीत पितळेवर चार बोटांचा काळा पट्टा उरला. आता येणारा-जाणारा आधी त्या पट्ट्याकडेच बघतो आणि विचारतो, "इथं घासायचं राहिलं का हो?"